फॉइल, एपे, सेबर: खेळण्याआधी तलवार कशी तपासायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फॉइल, एपे आणि सेबर हे तलवारबाजीतल्या तलवारींचे तीन प्रकार. तलवारबाजीच्या हॉलमध्ये शिरलं की एकच तपासणी सर्रास दिसते. टोक दाबायचं, गुण नोंदवणाऱ्या विद्युत यंत्राचा दिवा लागतो का बघायचं, लागला की मास्क चढवायचा. दिवा लागला म्हणजे टच, म्हणजे समोरच्याला लागलेला मारा, नोंदला जाईल, एवढंच. पातं धड आहे का, हे दिव्याला कळत नाही. खालचे प्रश्न त्या राहून जाणाऱ्या तपासणीबद्दल आहेत. नवे खेळाडू, पालक आणि क्लबची तलवार वापरणारे बहुतेक हेच विचारतात.

तलवारीला धार नसते, टोक बोथट असतं. मग धोका कसला?

धड तलवारीचा धोका फारसा नाहीच. धोका तुटलेल्या तलवारीचा आहे. पातं तुटलं की बोथट टोक तुकड्याबरोबर उडून जातं आणि हातात उरतो तो अणकुचीदार खुंट. तोही दिसेनासा होईल इतक्या वेगात पुढे चाललेला असतो. पातं तुटल्याचं मेंदूला कळेपर्यंत पाय आणि हात हल्ला पूर्ण करून मोकळे झालेले असतात. त्या क्षणी कुणालाही स्वतःला आवरता येत नाही.

१९८२ साली रोममधल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत नेमकं हेच घडलं. सोव्हिएत संघाचा व्लादिमीर स्मिर्नोव्ह हा १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकमधला फॉइलचा सुवर्णपदक विजेता. पश्चिम जर्मनीच्या मॅथियास बेअरशी खेळताना बेअरचं पातं तुटलं आणि तुटका भाग स्मिर्नोव्हच्या मास्कची जाळी भेदून आत गेला. काही दिवसांनी स्मिर्नोव्हचा मृत्यू झाला. त्यानंतर मास्क, कपडे आणि पात्याचं पोलाद या तिन्हींचे नियम कडक झाले. आज हा खेळ बराच सुरक्षित मानला जातो, त्यामागे त्या नियमांचा मोठा वाटा आहे.

एक गोष्ट लक्षात घ्या. तुमची तलवार तुटली तर इजा बहुधा तुम्हाला होत नाही, समोरच्याला होते. म्हणून ‘माझी तलवार, मी बघून घेईन’ हा युक्तिवाद इथे चालत नाही.

मग नीट तपासलं तर पातं तुटणारच नाही?

तुटू शकतं. चांगलं, नवं, महागडं पातंही तुटतं. तपासणीने शक्यता कमी होते, शून्य होत नाही. म्हणूनच जॅकेट, त्याच्या आत घालायचं संरक्षक कापड म्हणजे अंडरप्लास्ट्रॉन आणि मास्क हे सगळं सरावातसुद्धा घालायचं असतं. ‘आज फक्त हलका सराव आहे’ म्हणून अंडरप्लास्ट्रॉन न घालणारे भेटतात. हलक्या सरावात पातं तुटत नाही, असा काही नियम नाही.

कधी आणि किती वेळा तपासायची?

दर सत्राआधी एकदा नीट. दर लढतीआधी वरवर. जोरदार आपटल्यावर, जमिनीत किंवा समोरच्याच्या गार्डमध्ये (मुठीपुढच्या, हात झाकणाऱ्या वाटीत) टोक अडकून पातं वेडंवाकडं झाल्यावर लगेच. सवय झाली की नीट तपासणीलाही दोनेक मिनिटं पुरतात.

कुठून सुरुवात करायची? काही क्रम आहे का?

माझा क्रम मुठीकडून टोकाकडे जाणारा आहे. उलटा केलात तरी बिघडत नाही, पण दर वेळी तोच ठेवा. क्रम बदलला की काहीतरी सुटतं.

आधी मूठ डाव्या हातात घट्ट धरायची आणि उजव्या हाताने गार्ड फिरवायचा प्रयत्न करायचा. गार्ड हलता कामा नये, खडखडता कामा नये. मग तलवार डोळ्यासमोर आडवी धरून, एक डोळा मिटून, गार्डपासून टोकापर्यंत पात्याच्या रेषेत बघायचं. इथे बाक किती आहे, कुठल्या बाजूला आहे आणि तो एकसंध आहे की मध्येच कुठे कोपरा पडलाय, हे दिसतं. पातं स्वतःभोवती पिळलं गेलं असेल तर तेही इथेच कळतं.

मग उजेडात जायचं. खिडकीजवळ किंवा ट्यूबलाइटखाली पातं हळूहळू फिरवत चारही बाजू बघायच्या. चीर केसासारखी बारीक असते आणि समोरून बघितली तर दिसत नाही, तिरका उजेड पडला की चमकते. शंका आली तिथे पात्याच्या लांबीच्या दिशेने नख फिरवा. चीर बहुधा पात्याला आडवी जाते, त्यामुळे नख तिथे अडकतं. ओरखड्यावरून ते घसरून जातं.

त्यानंतर कापूस किंवा जुन्या सुती बनियनचा तुकडा घेऊन पात्याच्या कडांवरून हलक्या हाताने फिरवायचा. बोट फिरवू नका, कारण धातूचं कुसळ बोटात घुसतं आणि सहजी निघत नाही. जिथे धागा अडकला तिथे कुसळ आहे. शेवटी टोक, ते ज्यात बसतं ती छोटी नळी म्हणजे बॅरल, आणि स्क्रू. आणि मग पातं वाकवून बघायचं.

‘वाकवून बघायचं’ म्हणजे नेमकं कसं?

सगळ्यात जास्त माहिती याच चाचणीतून मिळते आणि नेमकी हीच चुकीच्या पद्धतीने केली जाते. पात्याची दोन टोकं दोन हातांत धरून चेहऱ्यासमोर कमान करणं धोक्याचं आहे. तुटलं तर तुकडा तोंडावर येईल.

मास्क घाला, हातमोजा घाला. टोक भिंतीवरच्या गादीला किंवा सरावाच्या टार्गेटला लावा आणि सावकाश पुढे सरका. झटका द्यायचा नाही. आजूबाजूला कुणी उभं नाही ना, हे बघा. पातं वाकत जाईल तसं कमानीकडे बघा. चांगल्या पात्याची कमान गोलाईने जाते. टोकाकडच्या पातळ भागात जास्त वाक, मुळाकडे कमी, पण कुठेही मोड नाही. एखाद्या जागी कमान अचानक टोकदार होत असेल आणि दोन्ही बाजूंना पातं त्यामानाने सरळ राहत असेल, तर ती जागा कमकुवत झाली आहे. तिथे आत काय चाललंय ते दिसत नसलं तरी तिचं वागणं सांगून जातं. दाब सोडला की पातं आधीच्या आकारात परत आलं पाहिजे. नवा बाक घेऊन आलं तर तेही वाईट लक्षण.

हे एकदा-दोनदा करा. वीस वेळा वाकवून तपासायची गरज नाही, दर वाकण्यात पात्याचं थोडं आयुष्य जातंच.

बाक किती असला तर चालतो?

आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे एफआयईच्या नियमांप्रमाणे बाक फॉइल आणि एपेमध्ये १ सेंटिमीटरपेक्षा कमी आणि सेबरमध्ये ४ सेंटिमीटरपेक्षा कमी असावा लागतो. मोजायला सोपं: तलवार सपाट टेबलावर अशी ठेवा की बाकाची कमान वर राहील, आणि टेबल ते पातं यांच्यातलं सगळ्यात मोठं अंतर पट्टीने बघा.

पण आकड्याइतकाच बाकाचा आकार महत्त्वाचा आहे. संथ, एकसारखा, उभ्या दिशेतला पाऊण सेंटिमीटरचा बाक फॉइलला चालतो, किंबहुना टच लागताना पातं योग्य बाजूला वाकावं म्हणून थोडा बाक मुद्दाम दिलेला असतो. त्याच फॉइलला टोकापासून हातभर अंतरावर अर्ध्या सेंटिमीटरचा तीव्र कोपरा असेल, तर आकडा नियमात बसतो आणि पातं तरी बाद करावंसं असतं. पातं इंग्रजी एस अक्षरासारखं दोन दिशांना वळलं असेल तर तेही तसंच वाईट. टच लागताना ते कुठल्या बाजूला वाकेल याचा भरवसा नसतो.

सेबरमध्ये आणखी एक पथ्य आहे. टोक आकड्यासारखं वळलेलं नसावं आणि बाक वार करायच्या धारेच्या दिशेने नसावा.

वाकलेलं पातं सरळ करून वापरलं तर?

संथ बाक असेल तर करता येतं आणि सगळे करतात. बुटाचा तळवा पात्यावर ठेवायचा, मूठ थोडी उचलायची आणि पातं तळव्याखालून हळूहळू ओढत न्यायचं. दाब सगळीकडे वाटला जातो, एका जागी साठत नाही. गुडघ्यावर ठेवून, दाराच्या फटीत अडकवून किंवा व्हाइसमध्ये पकडून एका बिंदूवर वाकवू नये. तापवून तर मुळीच नाही. पोलादाला कारखान्यात दिलेलं पाणी आचेने उतरतं, आणि मग ते पातं दिसायला सरळ आणि वागायला बेभरवशाचं होतं.

तीव्र कोपरा पडला असेल तर मात्र सरळ करण्याचा खटाटोप करू नका. तार एकाच जागी मागेपुढे वाकवत राहिली की तुटते, तेच पात्याचं होतं. सरळ दिसायला लागल्यामुळे तुम्ही निर्धास्त होता आणि ती जागा आधीपेक्षा कमजोर झालेली असते. ज्या पात्याला त्याच जागी पुन्हा पुन्हा कोपरा पडतो, त्याचा निरोप समारंभ लांबवू नये.

कडांवर खाचा पडल्यात. कानसने घासून काढू का?

कुसळ आणि खाच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पात्यावर पातं आपटलं की धातूचा बारीकसा ओठ वर येतो, ते कुसळ. ते काढलंच पाहिजे. समोरच्याच्या हातमोज्यात, बाहीत अडकतं, मास्कच्या बिबला (गळा झाकणाऱ्या कापडाला) चिरा पाडतं आणि हात ओरबाडतं. बारीक दाताची कानस किंवा पॉलिश पेपर घ्या, पात्याच्या लांबीच्या दिशेने हलके हात मारा आणि ओठ गेला की थांबा. आडवं घासू नका. आडवा ओरखडा म्हणजे पुढच्या चिरेसाठी तयार केलेली वाट.

खाच म्हणजे आत गेलेला खड्डा. ती घासून काढायची तर आजूबाजूचा धातूही घालवावा लागतो, आणि पात्याची जाडी घटवणं नियमातही बसत नाही आणि शहाणपणातही. वाकताना सगळा ताण खाचेच्या तळाशी गोळा होतो, चीर तिथूनच सुरू होते. खाच उथळ, गोलसर आणि मुळाकडच्या जाड भागात असेल तर नजर ठेवून चालवता येते. टोकाकडच्या वाकणाऱ्या भागात तीक्ष्ण खाच असेल तर मी ते पातं वापरत नाही. इतरांनी वाद घातला तरी.

थोडासा गंज आलाय. फरक पडतो का?

वरचा तांबूस थर पॉलिश पेपरने निघून खाली गुळगुळीत धातू लागला तर काही नाही. पुसा, तेलाचा हलका हात फिरवा, कामाला लागा. पण घासल्यावर खाली सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसले तर त्यांना खाचेसारखंच समजा. गंज खड्डा करतो आणि खड्ड्यातून चीर जाते.

गंजाचं सगळ्यात मोठं कारण घाम. भिजलेलं जॅकेट आणि तलवार एकाच बॅगेत रात्रभर बंद केली की सकाळी पात्यावर डाग तयार. तलवार पुसून कोरडी ठेवा, घरी गेल्यावर बॅग उघडा. तेल लावताना टोकाच्या आत जाऊ देऊ नका, मग दिवा रुसतो.

फॉइलच्या टोकाकडे टेप गुंडाळलेली असते. तिच्याखालचं कसं बघणार?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात. विद्युत फॉइलच्या टोकाकडचा १५ सेंटिमीटर भाग इन्सुलेटिंग टेपने झाकलेला असावा लागतो. म्हणजे पात्याचा सर्वात नाजूक भागच डोळ्याआड असतो. टेपखाली घाम मुरतो, गंज धरतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. टेपवर टेप चढवत राहणाऱ्यांच्या फॉइलला टोकाशी बोटाएवढी जाडी आलेली मी बघितली आहे, आत काय आहे ते देव जाणे.

टेप बदलायची वेळ आली की जुनी पूर्ण सोलून काढा. चिकटा पुसा, उजेडात बघा, नख फिरवा, पात्याच्या खोबणीत चिकटवलेली वायर सुटली नाही ना बघा, आणि मग एकच थर नीट गुंडाळा. वायर खोबणीतून उचलली गेली असेल तर ती चिकटवा. अशी सुटी वायर दुसऱ्याच्या पात्यात किंवा हातमोज्यात अडकते.

टोकाचं काय काय बघायचं?

बॅरल घट्ट बसलेला हवा. बोटांच्या चिमटीत धरून फिरवून बघा, जरासाही फिरला तर आटे सैल झालेत. टोक ज्या दोन बारीक स्क्रूंनी धरलेलं असतं ते दोन्ही जागेवर हवेत. एक स्क्रू पडला तरी टोक बाहेर येत नाही, दिवाही लागत राहतो, म्हणून कुणी बघत नाही. दुसरा पडला की टोक स्प्रिंगसकट उडतं आणि उरते ती बॅरलची पोकळ, गोल, कडक कड. तिचा ठोसा बोथट टोकासारखा नसतो. हे स्क्रू इतके लहान असतात की हॉलच्या फरशीवर पडले की मिळत नाहीत. किटमध्ये चार-सहा जादा ठेवा.

टोक दाबून सोडल्यावर आपोआप, न अडकता वर आलं पाहिजे. टोकाच्या सपाट भागाला धारदार कड आली असेल तर बदला.

५०० आणि ७५० ग्रॅमची वजनं, ते पत्र्याचे गेज, हे सुरक्षिततेसाठीच असतं ना?

नाही, ते मुख्यतः खेळ न्याय्य व्हावा म्हणून आहे. फॉइलच्या टोकातल्या स्प्रिंगने ५०० ग्रॅम वजन उचलून धरलं पाहिजे, एपेच्या स्प्रिंगने ७५० ग्रॅम. एपेला दोन गेजही लागतात, १.५ मिलिमीटरचं आणि ०.५ मिलिमीटरचं. पहिल्याने टोकाचा एकूण प्रवास पुरेसा आहे का कळतं, दुसऱ्याने दिवा फार लवकर तर लागत नाही ना ते. लढत सुरू होण्यापूर्वी पंच हे तपासतात आणि तलवार चालली नाही तर पिवळं कार्ड दाखवतात.

सांगायचा मुद्दा असा, की वजन आणि गेजमध्ये पास झालेली तलवार सुरक्षित आहे असं समजू नका. स्प्रिंग ठणठणीत आणि पात्याला चीर, हे एकाच तलवारीत अगदी सुखाने नांदू शकतं.

माझ्याकडे मॅरेजिंगचं पातं आहे. तरीही हे सगळं करायचं?

हो. मॅरेजिंग पोलादात कार्बन अगदी कमी आणि निकेल बरंच असतं, शिवाय कोबाल्ट, मॉलिब्डेनम आणि टायटॅनियम. त्याचा गुण असा की चीर पडली तरी ती सावकाश वाढते. साध्या कार्बन पोलादात चीर दिसायला लागली की तुटायला फारसा वेळ राहत नाही, मॅरेजिंगमध्ये तुमच्या हाती जरा जास्त काळ असतो. पण तो काळ तुम्ही बघितलं तरच उपयोगाचा. ‘तुटलं तरी टोकदार तुटत नाही’ असं या पात्यांबद्दल बोललं जातं, त्यावर विसंबू नका. तुटकं पोलाद ते तुटकं पोलाद.

सेबरची तपासणी वेगळी असते का?

तत्त्व तेच, भर वेगळा. सेबरमध्ये टोकाला बटण किंवा वायर नसते, पात्याचं शेवटचं टोक दुमडून बोथट केलेलं असतं. ही दुमड झिजून पातळ झाली नाही ना, उघडली नाही ना आणि तिला कोपरा आला नाही ना, ते बघा. नियमाने हे टोक ४ ते ६ मिलिमीटरच्या दरम्यान असावं लागतं.

वार आणि बचाव दोन्ही कडांनी होतात, त्यामुळे सेबरवर कुसळं फार येतात. कापसाची चाचणी सेबरवाल्यांनी तर दर सत्राला करावी. गार्डही बघा. पत्र्याला पोचा पडतो ते ठीक, पण पोच्याच्या कडेला चीर पडली किंवा काठ बाहेर वळला की तो समोरच्याच्या पात्याला अडकवतो आणि हात कापतो.

गार्ड सैल झालाय, पण खेळता येतंय. आवळायलाच हवा का?

लगेच. गार्ड हलतो तेव्हा पात्याचं शेपूट, म्हणजे मुठीतून जाणारा आट्यांचा दांडा, प्रत्येक फटक्याला आत आपटत असतो. तो तिथेच तुटतो आणि ते बाहेरून दिसत नाही. तुटला तर पातं मुठीतून सुटून उडू शकतं. सरळ फ्रेंच मुठीत पॉमेल (मुठीच्या शेवटचा धातूचा गोळा) हाताने घट्ट फिरवा, पिस्तुल मुठीत आतला नट पान्याने किंवा ॲलन कीने आवळा. आवळूनही दोन दिवसांत परत सैल होत असेल तर उघडून बघा. आटे झिजलेत, मूठ चिरलीय किंवा गार्डच्या आतली गादी दबून गेलीय, यांपैकी काहीतरी निघेल. दांड्याचं टोक मुठीबाहेर डोकावत असेल तर तेही बंद करायला हवं.

नवीन, सीलबंद पातं आहे. तेही तपासायचं?

तपासा. नव्या पात्याच्या कडांना कधी कारखान्यातलंच कुसळ असतं, आटे पूर्ण पाडलेले नसतात, वायरचा चिकटा मध्येच संपलेला असतो. लांबीही बघून घ्या. फॉइल आणि एपेचं पातं जास्तीत जास्त ९० सेंटिमीटर, सेबरचं ८८. मोठ्यांच्या पात्याला ५ नंबर म्हणतात, मुलांसाठी ०, २ असे आखूड नंबर असतात. लहान मुलाच्या हातात ५ नंबर देणं ही काटकसर नव्हे, त्याला टोक आवरत नाही.

सरावाच्या, बिनवायरच्या तलवारींचं काय?

त्या सर्वात दुर्लक्षित असतात, कारण स्पर्धेत त्यांना कुणी विचारत नाही. टोकावरची रबराची किंवा प्लास्टिकची टोपी बघा. आतलं पोलाद टोपीतून डोकावत असेल, टोपी फिरत असेल किंवा हाताने निघून येत असेल तर बदला. पातं मात्र बाकी तलवारींसारखंच तपासायचं. छोट्यांच्या प्लास्टिकच्या तलवारींनाही वळवल्यावर पांढरी रेष उमटते का बघा. ती चिरेची सुरुवात असते.

तलवार क्लबची आहे. मग जबाबदारी क्लबची नाही का?

क्लबने वेळोवेळी देखभाल करायची, हे खरंच. पण तुमच्या आधी ती कुणी वापरली आणि त्याने ती कुठे आपटली, हे रॅकला विचारून कळत नाही. एफआयईचा नियमही खेळाडू स्वतःच्या जबाबदारीवर शस्त्र आणि पोशाख घेऊन उतरतो असंच सांगतो. रॅकवरून उचललीत की तपासा. खराब निघाली तर परत रॅकवर ठेवू नका, नाहीतर पुढचा तीच उचलेल. वेगळी काढा, मुठीला रंगीत टेप बांधा आणि प्रशिक्षकांच्या हातात द्या.

समोरच्याची तलवार संशयास्पद वाटते. बोलायचं कसं? वाईट वाटेल ना.

वाटू द्या. सरावात सरळ म्हणा, “ताई, तुमच्या पात्याला टोकाशी कोपरा दिसतोय, एकदा बघता का?” स्पर्धेत पंचांकडे हात करा, तपासणं त्यांचं काम आहे. मारा तुमच्यावर होणार आहे, तेव्हा विचारायचा हक्क सगळ्यात आधी तुमचा.

मास्क आणि कपडे कसे बघायचे?

हा विषय खरं तर स्वतंत्र आहे, पण थोडक्यात. जाळीला बाहेरून अंगठ्याने जागोजागी दाबा. मऊ लागली, आत गेली, गंजली किंवा एखादी तार सुटली असेल तर तो मास्क घालू नका. स्पर्धेत जाळी १२ किलोच्या जोराने दाबणाऱ्या टोकदार अवजाराने तपासली जाते. मागचा इलास्टिक पट्टा सैल नको. बिब १६०० न्यूटनचा आणि जॅकेट, पँट, अंडरप्लास्ट्रॉन ८०० न्यूटनचं असणं ही एफआयईची पातळी; न्यूटन म्हणजे कापड किती जोर सोसतं त्याचं माप. शिवण उसवली असेल तर तो आकडा तिथे लागू होत नाही. हातमोज्याचा कफ मनगटाच्या वर अर्ध्या हातापर्यंत बाहीवरून गेलेला हवा, नाहीतर पातं बाहीत शिरतं.

पात्याची ठरावीक मुदत असते का?

नाही. एखादं पातं आठवड्यात जातं, एखादं दोन हंगाम टिकतं. तुमचं वजन, तुम्ही किती जवळून मारता, समोरचा किती जोरात अंगावर येतो, तुम्हाला फ्लिक (पात्याला झटका देऊन टोक वळवत मारणं) मारायची किती हौस आहे, यावर सगळं ठरतं. तारखेपेक्षा लक्षणं बघा. दिसणारी चीर, तीव्र कोपरा, वाकणाऱ्या भागातली तीक्ष्ण खाच, खड्डे पाडणारा गंज, आणि वाकवल्यावर मध्येच पडणारा मोड. यांपैकी एकही असेल तर पातं बाद. पैसे वाया जातात हे कबूल, पण गार्ड, मूठ, पॉमेल, टोक हे सगळं नव्या पात्यावर चढवता येतं.

तुटलेलं पातं वेल्डिंग करून घेतलं तर? ओळखीचा वेल्डर आहे.

नाही. दोन तुकडे जोडून पातं करणं नियमाने बंद आहे, आणि नसतं तरी केलं नसतं. सांध्याच्या दोन्ही बाजूंचं पोलाद आचेने बिघडतं, त्यामुळे पुढच्या वेळी तिथेच, आणि आणखी वाईट तुटतं. तुटक्या पात्याचा खुंट घासून आखूड तलवार बनवणं हेही त्याच प्रकारातलं.

लढत चालू असताना पातं तुटलं तर?

“थांबा!” असं मोठ्याने ओरडा, पंचांची वाट बघू नका. तुटका खुंट लगेच खाली, जमिनीकडे करा आणि मागे या. हात हवेत उंचावून दाखवण्याचा मोह होतो, तो टाळा. समोरच्याला विचारा, जॅकेट उघडून बघायला लावा. उत्साहाच्या भरात टोचलेलं लगेच जाणवत नाही. छाती, काख किंवा मानेजवळ लहानशीही भोसकल्यासारखी जखम दिसली तर ती वरून छोटी आहे म्हणून सोडू नका, तातडीने डॉक्टर गाठा. आत काही रुतलं असेल तर ते स्वतः उपसू नका.

मग तुकडा शोधा. तो वाटतं त्यापेक्षा लांब उडतो, प्रेक्षकांच्या खुर्च्यांखालीसुद्धा सापडतो. तो मिळेपर्यंत त्या पिस्टवर (लढतीच्या पट्टीवर) आणि शेजारच्या पिस्टवर कुणाला खेळू देऊ नका.

तुटलेल्या तुकड्यांचं काय करायचं?

कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका, पिशवी उचलणाऱ्याचा हात कापतो. तुटकं टोक जाड पुठ्ठ्यात गुंडाळून टेपने बांधा, जुन्या प्लास्टिक पाइपच्या तुकड्यात घाला, आणि भंगारात देताना आत काय आहे ते सांगा. बॅरल आणि टोक चांगलं असेल तर त्याआधी काढून ठेवा.